धक्के पचविण्याचे शास्त्र

मोशीपुढे इंद्रायणी ओलांडून पुणे-नाशिक महामार्गाने चाकणकडे निघाले, की वाटेत खेड तालुक्यातील कुरुळी हे गाव लागते. शेतांच्या जागी गोदामे, कारखान्यांची फाटके आणि कंटेनरच्या रांगा असे या परिसराचे आजचे रूप आहे. याच गावच्या हद्दीत महामार्गाच्या एकोणतिसाव्या मैलावर 'गॅब्रिएल इंडिया' या कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय आणि कारखाना आहे. वाहनांचे शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजेच हादराशोषक, हा तिचा मुख्य व्यवसाय. आनंद उद्योगसमूहाचे संस्थापक दीप आनंद यांनी १९६१ मध्ये अमेरिकेतील मेरमाँट कंपनीच्या सहकार्याने ती सुरू केली. रस्त्याचे धक्के पचविणारी नळकांडी जेथे तयार होतात, त्याच्या दारातील रस्ता धक्क्यांसाठी प्रसिद्ध असावा, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

या पट्ट्यात पिकअप गाड्यांची संख्या मोठी आहे. चाकणच्या बाजारात कांदा-बटाटा आणणाऱ्या, कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या पिकअप जुन्याच. गेल्या काही वर्षांत त्यांत नवी भर पडली ती हौसेने घेतलेल्या चारही चाकांना शक्ती असणाऱ्या पिकअपची. इसुझूची 'डी-मॅक्स व्ही-क्रॉस' २०१६ मध्ये, तर टोयोटाची 'हायलक्स' २०२२ मध्ये भारतात आली. आठवडाभर कामाला आणि रविवारी भीमाशंकरच्या किंवा भामा आसखेडच्या बाजूच्या कच्च्या वाटांना, असा या गाड्यांचा दुहेरी वापर होतो. मग मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो सस्पेन्शन बदलण्याचा. गाडी थोडी उंच करावी, कमी-जास्त करता येणारे शॉक बसवावेत, असे वाटू लागते. बाजारात असे संच मिळतातही. परंतु चुकीची निवड केली तर लाखभराहून अधिक पैसे खर्चून गाडी आधीपेक्षा वाईट चालते. आणि चुकीची जुळणी घाटातील वळणावर जिवावर बेतू शकते. म्हणूनच हा विषय मुळापासून समजून घेणे आवश्यक आहे.

स्प्रिंग आणि शॉक : कामाची वाटणी

सर्वसामान्य समज असा, की शॉक ॲब्सॉर्बर गाडीचे वजन पेलतो आणि धक्का गिळतो. वास्तविक वजन पेलण्याचे आणि धक्का झेलण्याचे काम स्प्रिंगचे किंवा कमान पाट्यांचे असते. खड्ड्यातून चाक वर उसळले, की स्प्रिंग दबते आणि ती ऊर्जा साठवून ठेवते. साठविलेली ऊर्जा ती लगेच परतही करते, म्हणजेच गाडीला वर फेकते. हे हेलकावे आवरण्याचे काम शॉक ॲब्सॉर्बरचे. त्याच्या नळकांड्यात तेल असते. दट्ट्याला असलेल्या बारीक छिद्रांतून आणि झडपांमधून ते तेल ढकलले जाते, तेव्हा गतीला विरोध होतो आणि हेलकाव्यांच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. खडबडीत रस्त्यावरून आल्यावर शॉकच्या नळीला हात लावला तर चटका बसतो, तो यामुळेच.

गॅब्रिएल या नावामागची कथाही या संदर्भात बोधप्रद आहे. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील क्लॉड फॉस्टर या कारागिराने मोटारीच्या धुराड्यातील वायूवर वाजणारा एक भोंगा तयार केला होता. रणशिंग फुंकणाऱ्या गॅब्रिएल या देवदूताचे नाव त्याने त्या भोंग्याला दिले. पुढे त्याने 'स्नबर' नावाचे साधन काढले. एका पट्ट्याच्या घर्षणावर चालणारे हे साधन स्प्रिंग दबताना मध्ये येत नसे. ती उलट उसळी घेऊ लागली, की मात्र तिला आवर घाली. उसळी आवरणे हे शॉकचे मूळ काम, हे सूत्र त्या प्राथमिक साधनातही दिसते. तेलाचे आधुनिक शॉक दोन्ही दिशांना विरोध करतात. परंतु त्यांतही बहुधा उसळीच्या दिशेचा विरोध दबण्याच्या दिशेपेक्षा जास्त ठेवलेला असतो.

पिकअपची मूळ अडचण

साध्या मोटारीपेक्षा पिकअपचा प्रश्न अधिक अवघड असतो, कारण तिच्या मागच्या भागावरील वजन सतत बदलत असते. हायलक्स व व्ही-क्रॉस या दोन्ही गाड्यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन व कॉइल स्प्रिंग, तर मागे सलग ॲक्सल आणि कमान पाटे आहेत. पाटे भार वाहण्यासाठी केलेले असल्याने ते कडक असतात. हौदा रिकामा असताना गाडी मागून उडते ती यामुळे.

हे आकड्यांत मांडता येते. स्थिर उभ्या गाडीच्या वजनाने स्प्रिंग किती दबली आहे, यावरून तिच्या हेलकाव्यांची गती ठरते. समजा, रिकाम्या गाडीत मागचे पाटे ५ सेंटीमीटर दबलेले आहेत. अशा वेळी गाडीचा मागचा भाग सेकंदाला सुमारे सव्वादोन हेलकावे घेतो. हौदा भरल्यावर तेच पाटे १२ सेंटीमीटर दबले, तर ही गती सेकंदाला सुमारे १.४ वर येते. प्रवाशांना सुखद वाटते ती साधारण १ ते १.५ या दरम्यानची गती. भरलेली पिकअप आरामात चालते आणि रिकामी आदळते, या चालकांच्या अनुभवामागे हे साधे गणित आहे.

त्याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. वरील उदाहरणात मागील भार जवळजवळ अडीचपट झाला. शॉक मात्र तोच राहिला. परिणामी हेलकावे आवरण्याची त्याची सापेक्ष क्षमता आधीच्या सुमारे दोन तृतीयांशच उरते. रिकाम्या गाडीला नेमका बसणारा शॉक भरलेल्या गाडीला सैल पडतो, आणि भरलेल्या गाडीला योग्य असलेला शॉक रिकाम्या गाडीला जाचक ठरतो. समायोज्य, म्हणजे कमी-जास्त करता येणाऱ्या शॉकची खरी गरज येथे निर्माण होते. ही निव्वळ हौस नव्हे.

समायोज्य म्हणजे नेमके काय?

'ॲडजस्टेबल' या एकाच शब्दाखाली बाजारात तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. खरेदीपूर्वी त्यांतील फरक ओळखला पाहिजे.

पहिली गोष्ट उंचीची. पुढच्या बाजूस स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेल्या रचनेत स्प्रिंगखालची आट्यांची कडी फिरवून गाडी वर-खाली करता येते. याला 'प्रीलोड' म्हणतात. कडी घट्ट केली म्हणजे स्प्रिंग कडक झाली, असा समज गॅरेजमध्येही आढळतो. तो चुकीचा आहे. नेहमीच्या एकसारख्या गुंडाळीच्या स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो, फक्त गाडीची उंची वाढते. शिवाय चाक आणि शॉक यांच्यात तरफेचे नाते असते. शॉक १० मिलिमीटर हलला असता चाक साधारण १६-१७ मिलिमीटर हलावे, अशी रचना असेल, तर कडी १० मिलिमीटर चढविताच गाडी १६-१७ मिलिमीटरने उंचावते. तेवढीच चाकाची खाली लोंबण्याची मुभा कमी होते. खड्ड्यात चाक खाली उतरून जमीन धरू शकले नाही, तर वाढविलेल्या उंचीचा उपयोग काय, हा प्रश्न उरतो.

दुसरी गोष्ट केवळ उसळीच्या, म्हणजे 'रिबाउंड'च्या नियंत्रणाची. तिसरी गोष्ट उसळी आणि दाब, म्हणजे 'कॉम्प्रेशन', या दोन्हींच्या नियंत्रणाची. अमेरिकेतील 'रँचो'च्या एका प्रसिद्ध शॉकला नऊ टप्प्यांची एकच घुंडी असते. ऑस्ट्रेलियातील 'ओल्ड मॅन एमू'च्या 'बीपी-५१' या शॉकमध्ये दाब आणि उसळी स्वतंत्रपणे जुळविता येतात. घुंड्या जितक्या अधिक तितकी मोकळीक अधिक. चुकण्याच्या वाटाही तितक्याच अधिक. ज्या मालकाला वही घेऊन चाचण्या करण्याची सवड नाही, त्याने एकाच घुंडीचा शॉक घेणे शहाणपणाचे.

शॉकच्या आतील रचनाही पाहावी लागते. दुहेरी नळीचा शॉक स्वस्त असतो आणि बाहेरच्या नळीला दगडाने पोचा पडला तरी बहुधा चालत राहतो. परंतु सतत खडबडीत वाटेवर त्यातील तेलात हवेचे बुडबुडे मिसळून फेस होतो आणि शॉक तात्पुरता निकामी होतो. तो टाळण्यासाठी त्यात थोड्या दाबाचा नायट्रोजन भरतात. एकेरी नळीच्या शॉकमध्ये तेल आणि सुमारे २० ते ३० बार दाबाचा नायट्रोजन यांच्यामध्ये एक तरंगता दट्ट्या असतो. त्यामुळे फेस होत नाही आणि उष्णता लवकर बाहेर पडते. मात्र या नळीला पोचा पडला तर दट्ट्या अडकतो. ज्याची उष्णतेची गरज मोठी, त्यासाठी तेलाची वेगळी टाकी असलेला शॉक असतो. दर रविवारी तासभर कच्च्या वाटेने जाणाऱ्याला या टाकीची गरज बहुधा नसते. दिवसभर भार घेऊन दगडी वाटेवर राबणाऱ्या गाडीला ती असू शकते.

याच क्षेत्रात आणखी एक प्रवाह आहे. चाकणच्या प्रकल्पात तयार झालेल्या महिंद्रच्या 'एक्सयूव्ही ७००' (२०२१) आणि 'स्कॉर्पिओ-एन' (२०२२) या गाड्यांत हेलकाव्यांच्या गतीनुसार स्वतःच विरोध बदलणारे शॉक देण्यात आले. त्यांना घुंडी नसते. झपाट्याने येणाऱ्या बारीक धक्क्यांना ते सैल राहतात आणि सावकाश डोलणाऱ्या गाडीला घट्ट धरतात. भार बदलला म्हणून मात्र ते स्वतःला पूर्णपणे जुळवून घेत नाहीत. त्यामुळे पिकअपसाठी घुंडीची उपयुक्तता संपलेली नाही.

निवडीचा क्रम

निवड करताना शॉकच्या रंगापासून नव्हे, तर वजनकाट्यापासून सुरुवात करावी. चाकण परिसरात वजनकाट्यांना तोटा नाही. गाडी नेहमीच्या सामानासह, इंधन भरून काट्यावर न्यावी. आधी पुढची, मग मागची चाके काट्यावर घेऊन दोन्ही ॲक्सलवरील भार वेगवेगळा नोंदवावा. पुढे लोखंडी बंपर आणि विंच बसविला असेल, तर पुढच्या ॲक्सलवर शंभर किलोच्या आसपास कायमची भर पडलेली असू शकते. ही भर असेल तर थोडी कडक स्प्रिंग घेणे समर्थनीय ठरते; नसेल तर केवळ दुकानदार म्हणतो म्हणून कडक स्प्रिंग घेऊ नये.

मागच्या बाजूस आधी पाट्यांचा निर्णय घ्यावा, मग शॉकचा. महिन्यातून दोनदाच मोठा भार वाहायचा असेल, तर जादा पाटा घालून गाडी कायमची कडक करण्यात अर्थ नाही. पाट्यांमध्ये आपसांत घर्षण होते आणि तेही धक्के आवरते. त्यामुळे गंजून चिकटलेले पाटे स्वच्छ करणे आणि झिजलेले बुश बदलणे, एवढ्यानेच अनेकदा चाल सुधारते. मदतीसाठी हवेचे फुगे बसविण्याचीही पद्धत आहे; परंतु ते चासीच्या एकाच बिंदूवर भार आणतात. मर्यादेबाहेर भार लादून खडबडीत वाटेवर गेल्यास चासी वाकण्याचा धोका असतो.

एक नियम विसरता कामा नये. सस्पेन्शन कितीही बदलले, तरी गाडीची नोंदणीपत्रावरील भारक्षमता वाढत नाही. ॲक्सल, ब्रेक, टायर आणि चासी तीच राहतात.

उंचीचा मोह

गाडी दोन इंच उंच केली, की ती रुबाबदार दिसते. पण प्रत्येक इंचाची किंमत मोजावी लागते. दोन चाकांमधील अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागले असता गाडीच्या स्थिरतेचा एक ढोबळ निर्देशांक मिळतो. चाकांतील अंतर १.५५ मीटर आणि गुरुत्वमध्य ७५ सेंटीमीटरवर असेल, तर तो सुमारे १.०३ येतो. गुरुत्वमध्य ५ सेंटीमीटरने वर गेला, की तो ०.९७ होतो. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. हौद्यात उंच रचलेले सामान आणि घाटातले उतरते वळण यांची त्यात भर पडली, की तो किरकोळ राहत नाही.

यांत्रिक अडचणी वेगळ्याच. स्वतंत्र सस्पेन्शनच्या पुढच्या बाजूला साधारण ४० ते ५० मिलिमीटरपेक्षा जास्त उंची वाढविली, तर चाकांना शक्ती देणाऱ्या दांड्यांचे सांधे तिरके होतात. त्यांची रबरी आवरणे फाटतात आणि आत चिखल शिरतो. ब्रेकची नळी चाक पूर्ण लोंबल्यावर ताणली जाते का, हेही तपासावे लागते. उंची बदलल्यावर चाकांचे अलाइनमेंट पुन्हा करून घ्यावे आणि दिव्यांचा झोत खाली आणावा. अन्यथा समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

जुळणीची पद्धत

उत्तम शॉकही चुकीच्या जुळणीने वाया जातो. जुळणीचे सूत्र एकच : एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदल वहीत लिहावा.

प्रथम टायरमधील हवा थंड अवस्थेत गाडीच्या दारावरील पट्टीनुसार भरावी. हवेचा फरक शॉकच्या दोन-तीन टप्प्यांइतका जाणवू शकतो. हवा न मोजता केलेली जुळणी व्यर्थ होय. नंतर नेहमीच्या भारासह चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची चारही उंची मोजावी. गाडी जॅकने उचलून चाक पूर्ण लोंबू द्यावे आणि पुन्हा मोजावे. चाकाच्या एकूण हालचालीपैकी सुमारे एक तृतीयांश लोंबण्यासाठी आणि उरलेली दबण्यासाठी असावी. एकूण हालचाल २२० मिलिमीटर असेल, तर ७० ते ९० मिलिमीटर लोंब योग्य मानावी.

यानंतर दोन-तीन किलोमीटरचा, खड्डे, गतिरोधक आणि खडी असलेला एक ठरावीक मार्ग निवडावा. प्रत्येक चाचणी त्याच मार्गावर, त्याच वेगाने करावी. सर्व घुंड्या मधल्या टप्प्यावर ठेवून सुरुवात करावी. थंड शॉक आणि तापलेला शॉक यांचे वागणे वेगळे असते. म्हणून दहा-पंधरा मिनिटे गाडी चालवून मगच निष्कर्ष काढावा.

आधी उसळी जुळवावी. गतिरोधक ओलांडल्यावर गाडी वर येऊन एकदाच स्थिरावली पाहिजे. ती पुन्हा पुन्हा डोलत असेल, तर विरोध एका टप्प्याने वाढवावा. विरोध फार वाढला तर वेगळेच लक्षण दिसते. लागोपाठच्या खाचांवर एका खाचेनंतर स्प्रिंग पूर्ण सुटण्याआधीच दुसरी खाच येते. गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि शेवटी आदळू लागते. अशा वेळी अनेकजण 'स्प्रिंग मऊ आहे' असे समजून ती बदलतात. वास्तविक उपाय उसळीचा विरोध कमी करण्याचा असतो.

त्यानंतर दाबाची जुळणी. खोल खड्ड्यात सस्पेन्शन तळाला आदळत असेल तर दाबाचा विरोध वाढवावा. बारीक खडीवर स्टिअरिंग थरथरत असेल, चाक जमीन सोडत असेल, तर तो कमी करावा. पुढची बाजू जुळल्याशिवाय मागच्या बाजूला हात लावू नये. अखेर दोन नोंदी कायमच्या लिहून ठेवाव्यात : हौदा रिकामा असतानाचे टप्पे आणि भरलेला असतानाचे टप्पे. भार चढविल्यावर मागील उसळीचा विरोध वाढविणे आणि उतरविल्यावर तो परत कमी करणे, ही सवय लागली, तरच घुंडीचे पैसे वसूल होतात.

या खटाटोपाचा संबंध केवळ गाडीच्या आयुष्याशी नाही. सेकंदाला ४ ते ८ कंपनांच्या पट्ट्यातील उभ्या हादऱ्यांना बसलेल्या माणसाचे शरीर विशेष संवेदनशील असते. रोज आठ-दहा तास पिकअप चालविणाऱ्याच्या पाठीचे आणि कमरेचे दुखणे अनेकदा झिजलेल्या शॉकपासून आणि बसलेल्या सीटपासून सुरू होते. शॉकवर तेलाचा ओघळ दिसणे, टायर ठिकठिकाणी खड्ड्यांसारखा झिजणे, ब्रेक लावताना गाडीने नाक खुपसणे, ही झिजेची लक्षणे आहेत. पावसाळ्यानंतर दांडीवरील चिखल पाण्याने धुऊन काढावा. वाळलेला चिखल तेलाचे सील खातो.

कायद्याची मर्यादा

हौसेच्या भरात कायदा विसरून चालणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ वैशिष्ट्यांहून गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीतील कलम १८२ अ नुसार विनापरवाना बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मूळ मापाचा, मूळ जागी बसणारा शॉक बदलणे आणि गाडीची उंची व रचनाच बदलणे, या दोहोंत फरक आहे. त्यामुळे पैसे मोजण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. अपघातानंतर दावा नाकारला गेला, तर दुकानदाराचे आश्वासन उपयोगी पडत नाही.

बहुतेक मालकांसाठी शहाणपणाचा मार्ग बहुधा साधाच असतो. मूळ उंची कायम ठेवावी, बुश आणि पाटे नीट करून घ्यावेत, चांगले टायर घालावेत आणि एका घुंडीचे दर्जेदार शॉक बसवावेत. एवढे केल्यावरही गरज उरलीच, तर पुढचे पाऊल टाकावे. सोमवारी कुरुळीच्या कारखान्यात सुटे भाग पोचविणारी आणि रविवारी कुटुंबाला घेऊन डोंगराकडे जाणारी गाडी एकच असेल, तर तिच्या घुंडीचा टप्पाही त्या त्या दिवशी बदलायला हवा. त्यासाठी लागतात ती फक्त पाच मिनिटे आणि गाडीच्या कप्प्यात ठेवलेली एक छोटी वही.